उभ्या उभ्या

गुरुवार होता. सकाळचे साडेअकरा. डाव्या हातात कुरिअरचं पार्सल, उजव्या हातात ओटीपी शोधायला घेतलेला मोबाइल, कानात हेडफोन, त्यात चालू मीटिंग, आणि पायात एकच चप्पल, तीही बायकोची. अशा थाटात मी नेरूळच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दारात उभा होतो. कुरिअरवाल्यानं पार्सलवरचं नाव वाचलं आणि विचारलं, "आपणच का?" मी म्हणालो, "हो, मीच." तेवढ्यात त्या नावाची खरी मालकीण स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, कामात आहात का?"

मला उत्तर देता येईना. खरं तर यायला हवं होतं, कारण गेली बावीस वर्षं माझं पोट याच प्रश्नावर चालतं.

मी कर्नलमध्ये काम करतो. हे सांगितलं की आमच्या सोसायटीतले एक निवृत्त गृहस्थ अजूनही "कोणती बटालियन?" असं आदरानं विचारतात. माझा कर्नल सैन्यातला नाही, ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटातला आहे. लिनक्सचा. तुमच्या खिशात अँड्रॉइड फोन असेल तर त्याच्या तळाशीही हाच बसलेला आहे. फोन, डिस्क, नेटवर्क, कीबोर्ड या सगळ्यांना कामाला लावणारा तो घरचा कर्ता. आणि कोणत्याही घरच्या कर्त्याप्रमाणे त्यालाही एक काम धड सलग करता येत नाही, कारण सारखी बेल वाजते.

त्या बेलला इंटरप्ट म्हणतात. तुम्ही पडद्याला बोट लावलं, वाजली. नेटवर्कवरून काही आलं, वाजली. कुणीच आलं नाही तरी घड्याळ सेकंदाला शेकडो वेळा वाजवतंच. बेल वाजली की प्रोसेसर हातातलं काम जिथल्या तिथे टाकतो, दारात जातो, आलेल्याचं बघतो आणि परत येऊन तुटलेलं वाक्य पुढे चालू करतो. ज्याचं काम थांबलं त्याला पत्ताही लागत नाही. आमच्या घरात फरक एवढाच, की ज्याचं काम थांबतं त्याला पत्ता लागतो आणि तो त्याबद्दल संध्याकाळपर्यंत बोलतो.

दारात गेलेल्याला कर्नलमध्ये कडक नियम आहेत. पटकन आटपायचं. आणि झोपायचं नाही. ‘झोपणं’ म्हणजे कशाची तरी वाट बघत बाजूला होणं आणि तोवर प्रोसेसर दुसऱ्याला देणं. स्वतःच्या कामात असाल तर खुशाल झोपा. दारात असाल तर एक डुलकीसुद्धा नाही.

शेजारचा मुलगा इथल्याच एका कॉलेजात इंजिनिअरिंगला आहे. नेरूळमध्ये इंजिनिअरिंग कॉलेजांना तोटा नाही, त्यामुळे व्हायवाच्या दिवसांत अख्ख्या सेक्टरला ताप भरतो. आमच्या वेळी आयआयटी मुंबईच्या प्रा. ढमढेरे यांचं सिस्टिम्स प्रोग्रॅमिंगचं जाडजूड पुस्तक उशाला असायचं. आताच्या मुलांच्या उशाला मी असतो. परवा तो आला.

"काका, इंटरप्टमध्ये झोपायचं का नाही? पुस्तकात नुसतं ‘नाही’ लिहिलंय."

"लोकलनं कधी सकाळी सीएसएमटीला गेलायस?"

"गेलोय की."

"पनवेलला चढलेला माणूस काय करतो?"

"खिडकी पकडतो आणि झोपतो."

"आणि तू नेरूळला चढतोस तेव्हा?"

"दारात. एका पायावर. हाताला कडी लागली तर लागली."

"तू झोपशील?"

"पडेन ना काका!"

"नुसता पडणार नाहीस. पनवेलवाल्याची जागा आहे, त्याला झोपेतून कुठून उठवायचं ते ठाऊक आहे. तुझी जागाच नाही, तर तुला उठवायचं कुठून?"

त्याला पटलं. खरंही तेच आहे. कर्नलमध्ये कुणाला झोपवायचं आणि कुणाला उठवायचं याची वही शेड्युलर नावाच्या खात्याकडे असते आणि तिच्यात नावं असतात ती कामांची. इंटरप्टला नाव नाही. तो आगंतुक, ज्याचं काम थांबवलं त्याच्याच सतरंजीवर उभा राहून आपलं उरकतो. त्यानं त्या अवस्थेत "मी कोण?" असं कर्नलला विचारलं तर थांबवलेल्या कामाचं नाव कळतं, ज्याचा याच्याशी सुतराम संबंध नसतो. मी दारात बायकोच्या नावानं "हो, मीच" म्हणालो होतो, त्यातलाच प्रकार. आता हा आगंतुक झोपला तर वहीत झोपल्याची नोंद होणार त्या बिचाऱ्याच्या नावावर, ज्याला आपण दारात गेलो होतो हेच माहीत नाही. मग कर्नल ‘शेड्युलिंग व्हाइल ॲटॉमिक’ असा टाहो फोडतो आणि आमच्यासारख्यांना रात्री अकराला फोन येतो.

संदर्भ चुकला की काय होतं, याचा धडा मला त्याच गुरुवारी मिळाला. पार्सल घेऊन वळतो तोच इंटरकॉम वाजला. वॉचमन म्हणाला, भाजीवाला खाली आलाय, गवार किती? नेमकं त्याच क्षणी हेडफोनमधून हैदराबादच्या मॅनेजरनं विचारलं, की नव्या ड्रायव्हरला, म्हणजे एखादं यंत्र हाताळणाऱ्या कर्नलमधल्या तुकड्याला, मेमरी किती लागेल? मी ठणठणीत आवाजात सांगितलं, "अर्धा किलो. आणि कोवळी बघून द्या." इंटरकॉमवर बोलायचं बटण मी अजून दाबलंच नव्हतं. चालू होता तो मीटिंगचा माइक. मॅनेजरला मराठी येत नाही, पण ‘किलो’ कळतं. मीटिंगच्या टिपणात आलं, ‘ड्रायव्हरची मेमरी: अर्धा किलोबाइट’. तीन आठवडे कुणी हरकत घेतली नाही. ड्रायव्हर प्रत्यक्षात सहा किलोबाइट खात होता, आणि भाजी त्या दिवशी दुधीची झाली.

तर प्रश्न असा, की आपण कामात आहोत की दारात, हे ओळखायचं कसं? कर्नलकडे यासाठी एक रजिस्टर आहे. ‘प्रीएम्प्ट काउंट’ म्हणतात त्याला. दिसायला एकच आकडा, पण आत सोसायटीच्या गेटवरच्या रजिस्टरसारखे रकाने. सगळ्यांत खालचे ८ बिट ‘मला कामावरून उठवू नका’ असं किती वेळा सांगून ठेवलंय त्याचे. त्यावरचे ८ बिट सॉफ्टआयआरक्यूचे, ते काय ते पुढे सांगतो. त्यावरचे ४ खऱ्या बेलचे. त्याच्याही वरचे ४ अशा बेलचे, जी बंदच करता येत नाही. तिला ‘नॉन मास्केबल’ म्हणतात. आमच्याकडे तिला कचऱ्याची गाडी म्हणतात. आत जाताना रकान्यात भर घालायची, बाहेर पडताना वजा करायची. कधीही आकडा वाचावा आणि आपण कुठे आहोत ते समजावं. इतकं सोपं.

इतकं सोपं असतं तर मला पगार कुणी दिला असता?

गोम त्या दुसऱ्या रकान्यात आहे. बेल वाजल्यावरचं काम कर्नल दोन भागांत करतो. दारात पार्सल घेणं हा वरचा अर्धा भाग, ते विजेच्या वेगानं करायचं. पार्सल फोडणं, आत काय निघालं ते बघणं, ज्याचं त्याला देणं हा खालचा अर्धा, म्हणजे ‘बॉटम हाफ’. तो जरा मागाहून, पण अजून झोपायला बंदीच. सॉफ्टआयआरक्यूचा रकाना या पार्सल फोडण्याचा.

आमची आई रोज अकराला पोथी वाचायला बसते. बसताना बजावते, "बेल वाजली तर दार उघडा, मला त्याचं काही नाही. पण मी उठेपर्यंत पार्सलं फोडू नका. त्या चिकटपट्टीचा चर्रर्र आवाज माझ्या डोक्यात जातो." कर्नलमध्येही अगदी अशीच सोय आहे. एखादं काम नाजूक ठिकाणी आलं की ते सांगू शकतं, ‘तूर्त बॉटम हाफ बंद’. आणि या मनाईची नोंद होते कुठे? त्याच पार्सलाच्या रकान्यात.

आता ‘इन-इंटरप्ट’ नावाची एक जुनी विचारणा होती. ती वरचे तीन रकाने बघायची आणि कुठेही काही लिहिलेलं दिसलं की जाहीर करायची, ‘हा इंटरप्टमध्ये आहे’. म्हणजे आई देवघरासमोर पाटावर बसलीये, चष्मा नाकावर, बोट ओळीवर, आणि रजिस्टर बघणारा सांगतोय की आजी पार्सल फोडतायत. वर्षानुवर्षं कितीतरी ड्रायव्हरांनी या उत्तरावर भरवसा ठेवला. कर्नलच्या मूळ फाइलीत आता तिच्यावर शेरा आहे, की नव्या लिखाणात ही वापरू नये.

मग खरं कसं ओळखायचं? तिथे एक नामी युक्ती आहे आणि ती मला अजूनही लाडकी आहे. प्रत्यक्ष पार्सल फोडायला बसलं की त्या रकान्यात एकाची भर पडते. नुसती मनाई केली की दोनाची. एका वेळी फोडणारा एकच असतो, पण मनाया कितीही असोत. म्हणजे रकान्यातला आकडा विषम, तर खरंच फोडणं चालू आहे. सम, तर नुसती आई पोथी वाचतेय. रस्त्याच्या कडेला ‘सम तारखेस पार्किंग’ची पाटी बघून मी आयुष्यात एकदाच सद्गदित झालो आहे, तो याच कारणानं. आपली गाडी टो झालेली असतानाही.

दुसरी एक विचारणा आहे, ‘इन-ॲटॉमिक’. झोपायला मनाई आहे का, एवढंच ती सांगते. तिची खोड आमच्या बाथरूमच्या कडीसारखी. कडी आतून लागली की बाहेरचा लाल ठिपका फिरतो, असं ती बसवणाऱ्यानं सांगितलं होतं. फिरत नाही. ज्या कर्नलमध्ये ही नोंद ठेवायची सोय बांधतानाच वगळलेली असते, तिथे स्पिनलॉकचं कुलूप लावलं तरी रजिस्टरात काहीच उमटत नाही. ‘इन-ॲटॉमिक’ म्हणते, कुणी नाही, जा. आपण ढकलतो. आत कुणीतरी असतं. घरात एक किंकाळी येते, संगणकात तीही येत नाही, सगळं नुसतं थिजून जातं. म्हणून ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी ही विचारणा वापरू नये, असंही तिथे लिहूनच ठेवलंय.

२०२० साली थॉमस ग्लाइक्सनर आणि अहमद दरवेश वगैरे कर्नल लिहिणाऱ्या मंडळींनी झाडू हातात घेतला आणि ड्रायव्हरांमधल्या असल्या विचारणा वेचून काढायला सुरुवात केली. त्यामागे लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स याचं म्हणणं होतं, आणि ते एका ओळीचं आहे: ज्यानं हाक मारली त्याला ठाऊक असतं की तो कुठून हाक मारतोय, तेव्हा त्यानंच सांगावं. हाक ऐकणाऱ्यानं भिंतींना कान लावून अंदाज करू नये. बोलावणारा दारातून बोलावतोय की गादीवरून, यावर वागणूक बदलायची असेल तर दोन वेगळी कामं लिहा, नाहीतर ते हाकेतच सांगा.

मी ते वाचलं आणि लॅपटॉप मिटून ठेवला. बावीस वर्षं संगणकशास्त्र शिकून जे कळलं, ते आमच्या मजल्यावरच्या समोरच्या काकू पहिल्या दिवसापासून करत होत्या.

काकू दारात येतात. उंबऱ्याच्या अलीकडे पाऊल टाकत नाहीत. हातात वाटी. पहिलं वाक्य ठरलेलं: "उभ्या उभ्या आलेय हं, बसत नाही. साखर आहे का वाटीभर?"

बघा, त्या एका वाक्यात सगळं आलं. मी दारात आहे, थांबू शकत नाही, असेल तर आत्ता द्या, नसेल तर आत्ता नाही म्हणा, पण ‘थांबा, दुकानातून मागवते’ असं म्हणू नका. कर्नलमध्ये मेमरी मागताना हेच सांगावं लागतं. तिथे त्याला ‘जीएफपी-ॲटॉमिक’ म्हणतात. पहिल्या तीन अक्षरांचा अर्थ ‘गेट फ्री पेजेस’, मोकळी पानं द्या. दुसरा प्रकार ‘जीएफपी-कर्नल’: सवड आहे, लागलं तर झोपतो, तोवर तुम्ही फडताळं आवरून जागा करा. आमची मावशी डोंबिवलीहून पिशवी भरून येते आणि चपला काढता काढता "निवांत आलेय बाई आज" म्हणते, ते हे. मराठी बायका पिढ्यान्‌पिढ्या दाराशीच संदर्भ सांगून मोकळ्या होतात. कर्नलवाल्यांना हा नियम सगळीकडे लावायला घ्यायला २०२० उजाडावं लागलं.

मी घरात वटहुकूम काढला. ‘कामात आहात का’ हा प्रश्न बंद. हाक मारणाऱ्यानं आधी आपल्या हाकेची जात सांगायची. बायको म्हणाली, "म्हणजे कसं?" म्हटलं, "उभ्या उभ्याचं काम असेल तर ‘उभ्या उभ्या’ म्हण. वेळ लागणार असेल तर ‘निवांत’ म्हण." ती म्हणाली, "मी आजवर ‘अहो’ म्हणायचे त्याचे दोन प्रकार होते. तुम्हाला कळले नाहीत एवढंच." यावर मी काही बोललो नाही. एखाद्या गोष्टीची कागदपत्रं उपलब्ध असून वाचलीच नसतील तर भांडता येत नाही.

आईनं मात्र नियम तत्काळ उचलला. आता ती माझ्या खोलीच्या दारातून म्हणते, "निवांतचं काम आहे रे, झोपून उठून केलंस तरी चालेल." खरं तर आई आमच्या घरातली ‘माइट-स्लीप’ आहे. ही कर्नलमधली एक पहारेकरीण. एखादं काम झोपण्याची नुसती शक्यता असली, तरी त्याच्या तोंडाशी ती उभी करतात. भलत्या संदर्भातून कुणी तिथे आलं की ती ओरडते. यावेळी झोप लागलीच नाही, निभावलं, असं सांगून उपयोग नसतो. ‘लागली असती तर?’ हा तिचा मुद्दा. गॅसवर दूध असताना मी फोन घेतला की आई हेच विचारते, आणि दूध अजून गारच असतं.

गेल्या काही वर्षांत कर्नलमध्ये आणखी एक क्रांती झाली. जवळजवळ वीस वर्षं बाहेर उमेदवारी करून २०२४च्या सप्टेंबरात ‘प्रीएम्प्ट-आरटी’ हा कर्नलचा वेळ काटेकोर पाळणारा अवतार मुख्य लिनक्समध्ये दाखल झाला, आणि नोव्हेंबरच्या ६.१२ या आवृत्तीबरोबर घरोघरी गेला. त्यात बहुतेक इंटरप्टांना स्वतःचं नाव, स्वतःची जागा मिळते. दारात गेलेलाही वेळप्रसंगी डुलकी घेऊ शकतो, कारण त्याला उठवायचं कुठून हे आता वहीत आहे. शेजारच्या मुलाला हे काही केल्या पटेना. "काका, उभा राहून झोपणार कसा?" मग एका रविवारी सकाळी त्याला घेऊन डीपीएस तलावावर गेलो. फ्लेमिंगो आलेले होते. चिखलात ओळीनं उभे, एक पाय पोटाशी, मान पंखात. गाढ. म्हटलं, "हे बघ. नेरूळमध्येच सोय आहे." त्यानं फोटो काढला. व्हायवात दाखवला की नाही, ठाऊक नाही. पास झाला.

घरची व्यवस्थाही आता बरी लागली आहे. हाका कमी झाल्या, अंदाज बंद झाले, अर्ध्या किलोबाइटनंतर तसा अपघात झाला नाही. एकच दोष उरला, आणि तो टोरवाल्ड्सलाही सुटणार नाही. हाक मारणाऱ्यानं खरं सांगितलं पाहिजे.

काल दुपारी काकू आल्या. वाटी. उंबरा. "उभ्या उभ्या आलेय हं, बसत नाही." बायकोनं साखर दिली. काकूंनी वाटी हातात धरली आणि सांगायला सुरुवात केली. भाचीचं लग्न नेरूळच्या मुलाशी जवळपास जमलंय. मुलाला उरणला नोकरी आहे, लोकल झाल्यापासून जायला त्रास नाही. लिफ्ट पुन्हा बंद आहे. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. सेक्रेटरींना सांगून उपयोग नाही. चौथी झाली. मुलाची आई म्हणे जरा कडक आहे. बायको दाराला टेकून एका पायावर उभी, डोळे जड झालेले. दारातच झोप, तीही नाव-जागा नसताना. कर्नल असता तर एव्हाना टाहो फुटला असता. पाचव्या शिट्टीला आईनं पोथी मिटली, आतून खुर्ची उचलून आणली आणि उंबऱ्याच्या आत ठेवली. आमच्या धंद्यात असं घोडं अडलं की हाच उपाय: दारातलं काम उचलून बसायची परवानगी असलेल्या जागी हलवायचं. आईला हे कुणी शिकवलेलं नाही.

"आत या, बसून बोला," आई म्हणाली.

काकूंनी खुर्चीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं.

"नको हो," त्या म्हणाल्या, "बसलं की फार वेळ जातो."